काँक्रीटमधलं क्लोराइड मोजणारे सेन्सर: भरण्याआधी काय करायचं, भरल्यावर काय पाहायचं

बडोद्यातले बरेच मराठी इंजिनिअर, लॅबवाले आणि साइट सुपरवायझर कामासाठी दहेज-हजिरा या समुद्राकाठच्या औद्योगिक पट्ट्यात ये-जा करतात. जेटी, समुद्राचं पाणी ओढणारे इनटेक, खाऱ्या जमिनीतली फूटिंग अशा ठिकाणी सळई गंजवणारं, मिठातलं क्लोराइड सळईभोवती कधी पोचतं हे कळावं म्हणून सेन्सर गाडले जातात. वायरी बाहेर येतात, लॉगरवर आकडे पडायला लागतात, आणि वर्षभराने फाइल उघडली की त्या आकड्यांवरून ठाम असं काहीच सांगता येत नाही. सेन्सर क्वचितच खराब असतो. कॅलिब्रेशन साध्या मिठाच्या पाण्यात केलेलं असतं, ज्याच्या तुलनेत सेन्सरचा आकडा मोजतात तो रेफरन्स इलेक्ट्रोड भलतीकडेच असतो आणि नेमकी खोली कुणी मोजलेलीच नसते. काँक्रीट एकदा भरलं की यातलं काहीही दुरुस्त होत नाही. म्हणून या लेखातला मोठा भाग भरण्याआधीच्या कामावर खर्च केला आहे.

बडोदा समुद्रापासून लांब आहे, तेव्हा इथे क्लोराइडची काळजी नको, असं शहरात काम करणाऱ्या कुणी समजू नये. वॉटर सॉफ्टनर प्लांटमधल्या ब्राइन टाकीचा पाया, नंदेसरी-रानोलीकडच्या रासायनिक कारखान्यांतल्या फरशा, खाऱ्या बोअरच्या पाण्याने केलेलं काँक्रीट, या सगळ्यांना हाच क्रम लागू पडतो.

## सुरुवातीला एक गोष्ट स्पष्ट करून घ्या

इथे ज्या सेन्सरबद्दल लिहितो आहे तो चांदीच्या तारेवर सिल्व्हर क्लोराइडचा थर दिलेला इलेक्ट्रोड. काँक्रीटच्या छिद्रांतल्या पाण्यात जे मोकळं क्लोराइड असतं, त्याप्रमाणे याचं पोटेन्शियल, म्हणजे मीटरवर दिसणारं व्होल्टेज, बदलतं. २५ अंशांना क्लोराइड दहापट झालं की पोटेन्शियल साधारण ५९ मिलिव्होल्टने खाली येतं. दिशा नीट लक्षात ठेवा: क्लोराइड वाढलं की आकडा उतरतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे हा सेन्सर फक्त मोकळं क्लोराइड पाहतो. सिमेंटच्या संयुगांनी धरून ठेवलेलं क्लोराइड त्याला दिसत नाही. प्रयोगशाळेत ॲसिडमध्ये विरघळवून जे मोजतात ते एकूण क्लोराइड, आणि ते वेगळं. दुसरी म्हणजे नातं लॉगरिदमचं असल्यामुळे मिलिव्होल्टमधली छोटी चूक क्लोराइडमध्ये मोठी होऊन बसते. ५ मिलिव्होल्टची चूक म्हणजे क्लोराइडमध्ये सुमारे २० टक्के आणि १० मिलिव्होल्टची चूक म्हणजे जवळजवळ ५० टक्के. पुढे जिथे जिथे 'एवढ्याने काय होतं' असं वाटेल, तिथे हे दोन आकडे आठवा.

## टप्पा १: जागा आणि खोली ठरवा

सगळ्यात आधी ड्रॉइंगवर कव्हर, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटची जाडी, पाहा. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे 'सिव्हियर' वातावरणाला ४५ मिलिमीटर, 'व्हेरी सिव्हियर'ला ५० आणि 'एक्स्ट्रीम'ला ७५ मिलिमीटर कव्हर लागतं. ५० मिलिमीटर कव्हर असेल तर सेन्सर २०, ३० आणि ४० मिलिमीटर खोलीवर ठेवावेत. सळईच्या खोलीवर एकच सेन्सर ठेवला तर बातमी येईपर्यंत उशीर झालेला असतो. क्लोराइड कोणत्या वेगाने आत येतंय हे कळायला किमान तीन खोल्या हव्यात, आणि प्रत्येक खोलीवर दोन सेन्सर. दोघांचं पटलं नाही तर निदान शंका तरी येते. एकटा सेन्सर बिघडला तरी कुणाला कळत नाही.

उभ्या दिशेला जागा निवडताना भरती-ओहोटीच्या पट्ट्याला पहिली पसंती द्या. खंभातच्या आखातात भरतीचा फरक फार मोठा आहे, त्यामुळे ओलं-कोरडं होणारा भागही उंच असतो. कायम पाण्याखाली राहणाऱ्या भागात क्लोराइड पोचतं, पण तिथे ऑक्सिजन कमी पोचत असल्याने सळई गंजण्याचा धोका तुलनेने कमी असतो. दोनच संच बसवायचे असतील तर दोन्ही या ओलं-कोरडं होणाऱ्या पट्ट्यातच बसवा.

खोलीच्या अचूकतेबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे फार हयगय होते. क्लोराइड आत झिरपायला लागणारा वेळ साधारणपणे खोलीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. २५ मिलिमीटरवर आहे असं समजलेला सेन्सर प्रत्यक्षात ३० वर असेल, तर वेळेचा अंदाज सव्वा ते दीडपटीच्या मध्ये कुठेतरी चुकतो. नेमकं सांगायचं तर १.४४ पट. पाच मिलिमीटर म्हणजे कव्हर ब्लॉक जरा तिरका बसला तरी होणारा फरक.

इशारा: सेन्सरची तार बाहेरच्या पृष्ठभागाला समांतर ठेवा. २० मिलिमीटर लांबीची उघडी तार पृष्ठभागाला काटकोनात ठेवली, तर तिचं एक टोक २० मिलिमीटरवर आणि दुसरं ४० वर येतं. असा सेन्सर कोणत्याच खोलीचा राहत नाही. बसवलेल्या संचांमध्ये ही चूक वारंवार सापडते.

## टप्पा २: सेन्सर तयार करा किंवा विकतचा तपासा

विकतचा सेन्सर आणला असेल तर थेट टप्पा ३ ला जाऊ नका. खाली ज्या तपासण्या दिल्या आहेत त्या त्यालाही करा.

स्वतः तयार करणार असाल तर तार किमान ९९.९ टक्के शुद्ध हवी. बडोद्यात घडियाळी पोळ परिसरातले सराफ १ मिलिमीटरची तार ओढून देतात, पण दागिन्यांच्या चांदीत तांबं मिसळलेलं असतं. 'चोख चांदी' असं मोघम सांगू नका, शुद्धतेचा आकडा बिलावर लिहून घ्या. तांबं असलेली तार सुरुवातीला ठीक चालते, नंतर तिचं पोटेन्शियल हळूहळू सरकत जातं.

क्रम असा:

तार बारीक पॉलिश पेपरने घासा, ॲसिटोनने पुसा, विरळ अमोनियात बुडवून जुना थर काढा, विरळ नायट्रिक ॲसिडमध्ये काही सेकंद धरा आणि डिस्टिल्ड पाण्याने खळखळून धुवा. इथून पुढे उघड्या बोटाने तार धरू नका. घामात मीठ असतं आणि चरबीही.

मग ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड तयार करा. तीव्र ॲसिड साधारण १२ मोलर असतं, म्हणजे एका लिटरला सुमारे ८.३ मिलिलिटर पुरतं. ॲसिड पाण्यात ओता, पाणी ॲसिडमध्ये ओतू नका. चष्मा आणि हातमोजे घाला.

चांदीची तार धन टोकाला आणि प्लॅटिनम किंवा ग्रॅफाइटची काडी ऋण टोकाला जोडा. करंट दर चौरस सेंटिमीटरला ०.५ मिलिअँपिअर ठेवा. १ मिलिमीटर जाडीच्या तारेचा २० मिलिमीटर भाग उघडा असेल तर क्षेत्रफळ ०.६३ चौरस सेंटिमीटर होतं, म्हणजे करंट ०.३ मिलिअँपिअर. यासाठी महागडं यंत्र लागत नाही: ९ व्होल्टची बॅटरी, २७ किलोओहमचा रेझिस्टर आणि मधे एक मीटर एवढ्यावर भागतं. साधारण तासभर चालू ठेवा.

या तासात तारेकडे बघत राहा. पहिल्या काही मिनिटांत चकाकी जाऊन करडेपणा येतो, मग तपकिरी, आणि शेवटी जांभळट-तपकिरी मखमलीसारखा सलग थर दिसतो. बुडबुडे ऋण काडीवर यायला हवेत. ते चांदीवर येत असतील तर जोडणी उलटी झाली आहे, लगेच थांबा. थरात चमकणारे ठिपके उरले असतील तर तार तिथे तेलकट होती. ती अमोनियात धुऊन पहिल्यापासून करा, वरून दुसरा थर चढवू नका.

थर तयार झाला की तारा ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात रात्रभर अंधारात ठेवा. सिल्व्हर क्लोराइड उजेडाने काळवंडतं. खिडकीतल्या उन्हात ठेवलेली तार वापरण्यालायक राहत नाही.

तपासणी: एकाच द्रावणात ठेवलेल्या कोणत्याही दोन सेन्सरमधला फरक २ ते ३ मिलिव्होल्टच्या आत हवा. जो वेगळा पडतो तो बाजूला काढा. त्याला 'सवय होईल' असं म्हणून ठेवून घेऊ नका.

चांदीची तार तांब्याच्या केबलला जिथे जोडली जाते तो सांधा हे या सेन्सरचं सगळ्यात कच्चं ठिकाण. इथे ओल शिरली की तांबं आणि चांदी मिळून स्वतःचं वेगळंच पोटेन्शियल तयार करतात आणि मीटर तेच दाखवतो. सोल्डर केल्यावर सांधा इपॉक्सीत पूर्ण बुडवा, वरून हीट-श्रिंक नळी चढवा, आणि सांध्यासकट सेन्सर मिठाच्या पाण्यात दोन दिवस ठेवून आकडा सरकतो का ते पाहा. हे दोन दिवस वाचवणारे पुढे दोन वर्षं वाया घालवतात.

## टप्पा ३: रेफरन्स इलेक्ट्रोड सेन्सरशेजारीच ठेवा

पोटेन्शियल नेहमी दोघांमधलं असतं. सेन्सरचा आकडा कोणत्या रेफरन्सच्या तुलनेत आहे हे लिहिलेलं नसेल, तर त्या आकड्याला अर्थ नाही. गाडण्यासाठी मँगनीज डायऑक्साइडचे रेफरन्स इलेक्ट्रोड मिळतात, तेच वापरा. ते सेन्सरपासून २० ते ३० मिलिमीटरवर, शक्यतो त्याच खोलीवर हवेत.

पृष्ठभागावर कॉपर-कॉपर सल्फेट इलेक्ट्रोड टेकवून रीडिंग घेणं सोपं वाटतं. अडचण अशी की इलेक्ट्रोड आणि सेन्सर यांच्यामधल्या कव्हरमध्ये बाहेरचा थर कोरडा, कार्बोनेशन झालेला (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला), आतला ओला आणि अल्कलाइन असतो. अशा दोन वेगळ्या द्रावणांच्या मधे आपोआप एक डिफ्युजन पोटेन्शियल तयार होतं. ते काही मिलिव्होल्टपासून दोन आकडी मिलिव्होल्टपर्यंत असू शकतं, आणि ऋतूबरोबर बदलतं. वर सांगितलेला १० मिलिव्होल्टला ५० टक्क्यांचा हिशेब इथे लावून पाहा.

मँगनीज डायऑक्साइडचं पोटेन्शियल पीएचवर अवलंबून असतं. काँक्रीटच्या छिद्रांतल्या पाण्याचा पीएच फारसा बदलत नाही तोवर ते स्थिर राहतं. म्हणून त्याला अगदी पृष्ठभागाजवळ, जिथे कार्बोनेशन पोचेल तिथे बसवू नका. आणि प्रत्येक संचात दोन रेफरन्स ठेवा, म्हणजे त्यांची आपसात तुलना करून कोण सरकलं ते शोधता येतं.

## टप्पा ४: कॅलिब्रेशन अल्कलाइन द्रावणातच करा

नुसत्या मिठाच्या पाण्यात केलेलं कॅलिब्रेशन काँक्रीटला चालत नाही. पीएच आणि इतर आयन वेगळे असले की आकडा काही मिलिव्होल्टने हलतो.

डिस्टिल्ड पाण्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे स्वच्छ चुना, जास्तीचा घालून ढवळा आणि वरचं नितळ द्रावण घ्या. त्याचा पीएच १२.५ च्या आसपास येतो. काँक्रीटचा पीएच जास्त अपेक्षित असेल तर थोडं पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून १३ च्या वर नेलेला दुसरा संचही करा. बाटल्यांना घट्ट झाकण हवं, कारण उघड्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड पीएच उतरवतो आणि वर पांढरी साय धरते.

या द्रावणात प्रयोगशाळेच्या दर्जाचं सोडियम क्लोराइड घाला. एका लिटरला ०.५८ ग्रॅम म्हणजे ०.०१ मोलर, २.९२ ग्रॅम म्हणजे ०.०५, ५.८४ म्हणजे ०.१, २९.२ म्हणजे ०.५ आणि ५८.४ ग्रॅम म्हणजे १ मोलर. घरचं मीठ वापरू नका. त्यात आयोडीनचं संयुग आणि मीठ मोकळं राहावं म्हणून घातलेली पूड असते. आयोडाइड, ब्रोमाइड आणि सल्फाइड हे तिन्ही या सेन्सरचे शत्रू. नळाचं पाणीही नको, त्यात आधीच क्लोराइड असतं.

सर्वांत विरळ द्रावणापासून सुरू करा आणि तीव्रतेकडे जा. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटांत आकडा १ मिलिव्होल्टपेक्षा कमी हलेपर्यंत थांबा. शेवटी परत ०.०१ मोलरमध्ये या. पहिला आणि शेवटचा आकडा जुळायला हवा.

तपासणी: क्लोराइड दहापट झाल्यावर ५५ ते ६० मिलिव्होल्ट उतार मिळाला तर सेन्सर चांगला. ५० पेक्षा कमी मिळाला तर गाडू नका. आकड्याचा अंदाज घ्यायचा असेल तर सॅच्युरेटेड कॅलोमेल इलेक्ट्रोड या प्रयोगशाळेतल्या रेफरन्सच्या तुलनेत ०.०१ मोलरला सुमारे १०० मिलिव्होल्ट, ०.१ ला ४० ते ४५ आणि १ मोलरला शून्याच्या थोडं खाली यायला हवं. आकडे उलट चिन्हाचे आले किंवा क्लोराइडबरोबर चढत गेले, तर मीटरच्या वायरी उलट्या लागल्या आहेत.

तापमानाचं काम इथेच उरकून घ्या. उतार तापमानाबरोबर बदलतो: २५ अंशांना ५९, ४० अंशांना ६२. रेफरन्सचं पोटेन्शियलही तापमानाने हलतं. म्हणून ज्या रेफरन्सबरोबर सेन्सर गाडायचा त्याच जोडीचं कॅलिब्रेशन २५ आणि ४० अशा दोन तापमानांना करा. मे महिन्यात बडोद्यात पारा ४० च्या वर जातो, आणि उन्हात तापलेल्या काँक्रीटचा पृष्ठभाग त्याहून गरम असतो. प्रत्येक संचात तापमान मोजणारा एक थर्मिस्टर हवाच.

## टप्पा ५: पिंजऱ्यात बांधणी

सेन्सर सळईला कुठेही टेकता कामा नये. टेकला की मीटर सळईचं पोटेन्शियल दाखवतो, आणि तो आकडा दिसायला अगदी व्यवस्थित असतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. पीव्हीसी किंवा ॲक्रिलिकचा बारीक धारक वापरा, बांधायला नायलॉनचे टाय घ्या. फिटर सवयीने बायंडिंग वायर गुंडाळतो. त्याला आधीच सांगून ठेवा, आणि तो गेल्यावर पुन्हा एकदा पाहा.

धारक जाडजूड नको. क्लोराइड बाहेरून सरळ आत येतं. सेन्सरच्या पुढ्यात प्लास्टिकचा ठोकळा आला तर तो सेन्सर आडोशाला पडतो. तीन खोल्यांचे सेन्सर एकामागे एक न लावता जिन्याच्या पायऱ्यांसारखे बाजूबाजूला सरकवत लावा. २० मिलिमीटरची खडी असेल तर दोन सेन्सरमध्ये आणि सेन्सर-सळईमध्ये किमान २५ मिलिमीटर जागा मोकळी ठेवा, नाहीतर खडी अडकून मागे पोकळी राहते.

सळईलाही एक वायर जोडा, म्हणजे तिचं स्वतःचं पोटेन्शियल मोजता येईल. सगळ्या सळया विजेच्या दृष्टीने एकमेकींना जोडलेल्या आहेत ना, हे मल्टिमीटरने तपासा. दोन सळयांमधला रोध १ ओहमच्या आत हवा.

केबल शील्ड असलेल्या घ्या, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. दोन्ही टोकांना नंबरचे टॅग लावा, फक्त रंगावर विसंबू नका. उन्हाने रंग उडतात. जंक्शन बॉक्स उंचावर हवा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात कुठवर चढलं होतं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. शहरातल्या कामात बॉक्स त्या पातळीच्या वर लावा, किनाऱ्यावर मोठ्या भरतीच्या वर. उंदीर केबल कुरतडतात, म्हणून कंड्युइटची तोंडं बंद करा.

तपासणी, शटरिंग लावल्यावर आणि काँक्रीट भरण्याआधी:
१. प्रत्येक सेन्सर आणि सळई यांच्यात जोड नाही ना?
२. शटरच्या आतल्या पृष्ठभागापासून तारेपर्यंतचं अंतर कॅलिपरने मोजून लिहिलं का?
३. मोजपट्टी शेजारी धरून प्रत्येक सेन्सरचा फोटो काढला का?

चांदीची इवलीशी तार कव्हर मीटरला नंतर सापडत नाही. खोलीचा पुरावा म्हणून हा फोटो आणि हा आकडा एवढंच हाती राहतं.

इशारा: ओहम मोजण्याची ही तपासणी फक्त कोरड्यात, भरण्याआधी. काँक्रीट भरल्यावर सेन्सरच्या वायरींवर ओहम मोडमधला मीटर कधीही लावू नका. त्या मोडमध्ये मीटर स्वतः करंट सोडतो आणि इलेक्ट्रोड पोलराइज होतो, म्हणजे त्याचं पोटेन्शियल मूळ जागेवरून हलतं.

## टप्पा ६: काँक्रीट भरताना

एक जबाबदार माणूस सेन्सरच्या जागेवर शेवटपर्यंत उभा राहिला पाहिजे. व्हायब्रेटर धरणाऱ्याला नुसतं 'सांभाळून' म्हणून भागत नाही. शटरवर खडूने मोठा चौकोन काढा आणि व्हायब्रेटरची नीडल त्या चौकोनाच्या बाहेर साधारण वीतभर अंतरावर टाकायला सांगा. काँक्रीट थेट सेन्सरवर ओतू नका. बाजूला टाकून आत सरकू द्या. त्या भागात दगड-खडीचा मधमाशीच्या पोळ्यासारखा खड्डा राहिला, तर सेन्सर खरं सांगेल, पण ते त्या खड्ड्यापुरतं.

पाण्याचं क्लोराइड आधी तपासलेलं असू द्या. आयएस ४५६ मध्ये आरसीसीसाठी मिक्सिंगच्या पाण्याची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे.

स्लॅग सिमेंट (लोखंडाच्या भट्टीतली मळी दळून मिसळलेलं) वापरणार असाल तर आणखी एक काळजी. स्लॅगमधून सल्फाइड निघतं. ताज्या स्लॅग काँक्रीटचं शटरिंग काढल्यावर जी हिरवट-निळसर झाक दिसते ती त्याचीच. सल्फाइड सिल्व्हर क्लोराइडच्या थरावर सिल्व्हर सल्फाइड बनवतं आणि सेन्सर क्लोराइडला दाद देईनासा होतो. समुद्राकाठच्या कामात स्लॅग सिमेंटच जास्त वापरतात, कारण ते क्लोराइडला चांगलं अडवतं. तेव्हा सिमेंट बदलू नका. त्याच मिक्सचे दोन-तीन ठोकळे सेन्सरसकट टाकून ते कसे वागतात ते आधी पाहा.

## टप्पा ७: रीडिंग घेणं

मीटरचा इनपुट इम्पीडन्स, म्हणजे मोजताना करंट वाहू न देणारा त्याचा आतला रोध, निदान १० मेगाओहम, शक्यतो हजार मेगाओहमच्या वर. पहिला महिना आकडे हलतील, त्यांची फक्त नोंद ठेवा.

इथे एक महत्त्वाची मर्यादा आहे. काँक्रीटमध्ये अजून क्लोराइड पोचलंच नसेल, तर इतक्या अल्कलाइन वातावरणात सिल्व्हर क्लोराइडचा थर हळूहळू सिल्व्हर ऑक्साइड व्हायला लागतो. पीएच १३ ला हे साधारण ०.००१ मोलरच्या खाली घडतं. त्या काळातल्या आकड्यावरून क्लोराइडची मात्रा काढू नका. तक्त्यात सरळ 'मोजण्याच्या मर्यादेखाली' असं लिहा.

क्लोराइड महिन्यांच्या गतीने सरकतं, त्यामुळे दर मिनिटाला रीडिंगची गरज नाही. रोज ठरलेल्या वेळी एक, शक्यतो पहाटे, जेव्हा काँक्रीटचं तापमान आतून-बाहेरून सारखं असतं. जवळ वेल्डिंग चालू असेल तेव्हाचं रीडिंग टाकून द्या. कॅथोडिक प्रोटेक्शन (सळई गंजू नये म्हणून तिला करंट देण्याची सोय) असेल तर करंट बंद करून, पोटेन्शियल स्थिरावल्यावर मोजा.

उन्हाळ्याच्या शेवटी पृष्ठभागाजवळचे सेन्सर भरकटतात. काँक्रीट इतकं कोरडं होतं की सेन्सर आणि रेफरन्स यांच्यातला द्रावणाचा दुवा तुटतो. पाऊस लागल्यावर आकडा परत जागेवर आला तर सेन्सर जिवंत आहे. आला नाही तर त्याच्या जोडीदाराशी ताडून पाहा.

## टप्पा ८: आकड्याचा अर्थ लावणं

एक उदाहरण घेऊ. २० मिलिमीटर खोलीवरच्या सेन्सरचं कॅलिब्रेशन असं आहे: ०.१ मोलरला ४० मिलिव्होल्ट, उतार ५८. आजचं रीडिंग, तापमानाची दुरुस्ती करून, १५ मिलिव्होल्ट. फरक २५. पंचवीसला अठ्ठावन्नने भागलं की ०.४३, आणि दहाचा तेवढा घात २.७. म्हणजे मोकळं क्लोराइड ०.२७ मोलर, छिद्रांतल्या पाण्यात लिटरला सुमारे ९.६ ग्रॅम. समुद्राच्या पाण्याच्या साधारण निम्मं. ५ मिलिव्होल्टची अनिश्चितता धरली तर उत्तर ०.२२ ते ०.३३ मध्ये कुठेही असू शकतं, आणि अहवालात तसंच लिहायला हवं. ०.२७ एवढंच लिहून दिलं तर वाचणाऱ्याला नसलेली खात्री दिल्यासारखं होतं.

आता नेहमीची गफलत. हा आकडा घनमीटरमागच्या किलोत बदलायचा आणि आयएस ४५६ मधल्या ०.६ किलोशी ताडायचा. इथे दोन चुका एकदम होतात. ती मर्यादा एकूण, ॲसिडमध्ये विरघळणाऱ्या क्लोराइडची आहे, मोकळ्याची नाही. आणि ती काँक्रीट भरतानाची मर्यादा आहे: सामग्रीतून किती क्लोराइड आत जाऊ द्यायचं एवढंच ती सांगते. सळई कधी गंजायला लागेल याचा तो आकडा नव्हे. गंज सुरू होण्यासाठी सिमेंटच्या वजनाच्या ०.४ टक्के हा ठोकताळा वापरतात, पण प्रत्यक्षात सिमेंट, पीएच, सळईचा पृष्ठभाग आणि पोकळ्या यांप्रमाणे तो खूप मागेपुढे होतो.

म्हणून क्लोराइडचा सेन्सर एकटा वाचू नका. सळईचं पोटेन्शियल शेजारी मांडा. एएसटीएम सी ८७६ या अमेरिकी मानकाप्रमाणे ते कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे २०० मिलिव्होल्टपेक्षा वर असेल तर गंज नसण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त, उणे ३५० च्या खाली असेल तर गंज असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त, मधला भाग अनिश्चित. कायम पाण्यात बुडालेल्या काँक्रीटला हा तक्ता लावू नका. तिथे ऑक्सिजनच्या अभावी पोटेन्शियल फार खाली असतं आणि सळई मात्र शाबूत असते.

आणखी एक प्रसंग ओळखून ठेवा. पृष्ठभागाकडून कार्बोनेशन आत आलं की बांधलेलं क्लोराइड सुटतं. बाहेरून नवीन काही न येताही मोकळं क्लोराइड वाढतं. अशा वेळी फिनॉल्फ्थॅलिनची (अल्कलाइन भागात गुलाबी होणाऱ्या रसायनाची) फवारणी करून कार्बोनेशन कुठवर आलं ते पाहा.

## जुन्या बांधकामात बसवायचं असेल तर

भोक पाडून सेन्सर घातला आणि मॉर्टरने बुजवला, तर सेन्सरभोवती नवं मॉर्टर असतं. तो सुरुवातीचे कित्येक महिने त्या मॉर्टरचंच क्लोराइड सांगतो. जुन्या काँक्रीटशी समतोल साधेपर्यंत त्याचा आकडा खरा धरू नका. भोक पाडताना निघालेली पूड खोलीनुसार वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. पुढच्या टप्प्यात ती उपयोगी पडते.

## टप्पा ९: पडताळणी

वर्षातून एकदा सेन्सरपासून फूटभर अंतरावर, त्याच पातळीवर, दर १० मिलिमीटरला पूड काढा आणि आयएस १४९५९ च्या भाग २ प्रमाणे एकूण क्लोराइड तपासून घ्या. एकूण आणि मोकळं यांचे आकडे सारखे येणार नाहीत, यायलाही नकोत. खोलीनुसार कमी-जास्त होण्याचा क्रम मात्र जुळला पाहिजे. २० मिलिमीटरवर पुडीत भरपूर क्लोराइड आणि सेन्सर गप्प, असं दिसलं तर आधी सांधा, मग रेफरन्स, मग खोलीची नोंद, या क्रमाने शोधा. पूड काढलेली भोकं क्लोराइडविरहित मॉर्टरने त्याच दिवशी बुजवा, नाहीतर तुमच्याच भोकातून खारं पाणी सेन्सरपर्यंत पोचेल.

सलग दोन पडताळण्यांत जो सेन्सर जुळला नाही, त्याचे आकडे फाइलमधून पुसू नका. त्या तारखेपासून त्याच्या स्तंभावर 'वापरू नये' असा शेरा आणि कारण लिहा, आणि पुढचा हिशेब त्याच खोलीवरच्या दुसऱ्या सेन्सरवर चालू ठेवा.